धागा: आवडतं इलेक्ट्रॉनिक संगीत आणि आपली घरगुती स्पर्धा

सातरस्ता_सिंथ:
मंडळी, आपल्या सोलापूरकरांच्या गटात रोज कोणी ना कोणी गाणं टाकतं. खाली चार अंगठे येतात, एखादं 'लई भारी' येतं आणि विषय तिथंच मिटतो. त्या चारातल्या किती जणांनी ते शेवटपर्यंत ऐकलं हे मी विचारत नाही. विचारलं तर भांडणं होतील.

म्हणून स्पर्धा घेऊ. दोन फेऱ्या. पहिली आवडीची. प्रत्येकानं एकच रचना निवडायची, यंत्रावर घडलेली, कुठल्याही देशाची, कुठल्याही सालातली. नाव मला खासगीत कळवायचं. मी सगळ्यांची यादी बिननावाची लावीन, आठवडाभर ऐकायचं आणि मग गुण द्यायचे. दुसरी फेरी करणाऱ्यांची. सगळ्यांना एकच आवाज मिळेल, त्यातनं ज्यानं त्यानं तीन मिनिटांचं काहीतरी उभं करायचं. आवाज कुठला, ते इथं ठरवू.

मी आयोजक. कोणाचं काय ते मला माहीत असणार, म्हणून मी स्पर्धेत नाही. त्यामुळे माझी आवड मात्र उघड सांगता येते. चरणजित सिंग. मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठोक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं, आणि त्यांवर दहा राग वाजवले. खाली सगळीकडं डिस्कोचा ठोका. भैरव, तोडी, यमन, मालकंस, कोणालाही सूट नाही. तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये एका डच लेबलनं ती तबकडी पुन्हा काढली आणि मग जगभर बोभाटा झाला. माझ्या मते सगळ्यात जमलाय तो ललित. दोन मध्यम लागोपाठ येतात आणि खाली यंत्राचा कोरडा ठोका ढिम्म हलत नाही. रात्री दिवे घालवून ऐका.

शेंगाचटणी:
बक्षीस काय?

सातरस्ता_सिंथ:
जिंकेल त्यानं पुढच्या वेळचा विषय ठरवायचा.

शेंगाचटणी:
म्हणजे जिंकलं तरी कामच. बरं, मी हाय.

होटगीरोड_३०३:
माझ्या नावावरून कळलंच असेल की या विषयावर मी गप्प बसणार नाही.

चरणजित सिंगांना 'ॲसिड हाउसचा जनक' म्हणायची फॅशन आली आहे, ती मला पटत नाही. ॲसिड हाउस म्हणजे शिकागोत निघालेला, नाचायच्या हाउस संगीताचा एक प्रकार. शिकागोच्या पोरांनी त्यांची तबकडी ऐकून काही केलं असं दिसत नाही. फ्यूचर या त्रिकुटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७ मध्ये आलं, तेही याच टीबी-३०३ वर, पण वेगळ्या वाटेनं. गंमत यंत्रात आहे. रोलंडनं ते १९८१ मध्ये काढलं, गिटारवाल्यांना एकट्यानं रियाज करताना साथीला बेस असावा म्हणून. त्यातनं खऱ्या बेस गिटारसारखं काही निघेना. १९८४ पर्यंत उत्पादन बंद. मग जुन्या मालाच्या दुकानात ते कवडीमोलानं मिळायला लागलं, म्हणून तर खिसा रिकामा असलेल्या पोरांच्या हाती पडलं.

आता रागांवर ते का शोभतं ते बघा. या यंत्रात प्रत्येक सुराला 'स्लाइड' लावता येतो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. शिवाय हव्या त्या सुराला ठसका देता येतो. घसरणं म्हणजे मींड नाही, हे मान्य. मींडेत जो श्वास असतो तो यात नाही. पण हार्मोनियमला जे कधीच जमलं नाही ते या डबड्याला थोडंफार जमतं.

जुनीमिल_काका:
छान उपक्रम. मी वयानं तुमच्यात सगळ्यात मोठा असेन, म्हणून आधीच सांगतो, मला तो फार धडधडाट चालत नाही. माझी निवड फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जार यांचं 'ऑक्सिजीन', १९७६. पॅरिसमधल्या आपल्या घरातच तात्पुरता स्टुडिओ मांडून त्यांनी ते केलं. आमच्या मित्राच्या भावानं मुंबईहून आणलेल्या टेपवरनं मी नवी पेठेतली कोरी कॅसेट भरून घेतली होती. त्यात वाऱ्याचा जो आवाज येतो तो वारा नाहीच, यंत्रातला खरखराट गाळून केलेला आहे, हे मला नंतर एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं समजावलं. तोवर मी समजत होतो की माणूस माइक घेऊन डोंगरावर गेला असणार.

होटगीरोड_३०३:
काका, नाव गुपचूप पाठवायचं होतं. ही एन्ट्री बाद!

जुनीमिल_काका:
बाद तर बाद. दुसरी पाठवतो. माझ्याकडं काय तोटा आहे का?

बेसकिंग_बे:
दादा एक विचारायचंय. मिरवणुकीतलं चालतंय का? म्हणजे आम्ही डॉल्बीवर वाजवायला जे करलालो ते. संगणकात एफएल स्टुडिओवरच करतोय, ते पण इलेक्ट्रॉनिकच की.

पुण्यातला_सोलापुरी:
कृपया नको. सणासुदीला गावी आलं की खिडकीच्या काचा थरथरतात. त्याला संगीत म्हणायचं असेल तर मिक्सरलाही म्हणा. इलेक्ट्रॉनिक म्हणजे डॉल्बी हा जो समज आपल्याकडं झालाय तो मोडायला तरी ही स्पर्धा कामी यावी.

बेसकिंग_बे:
तुम्ही पुण्यात बसून नाक मुरडलालाव. ब्रायन ईनोचं ते संथ विलायती ऐकलं म्हणजे शहाणं, आणि आम्ही हलगीखाली बेस घातला की अडाणी?

पद्मा_अशोकचौक:
दोघंही थांबा. आवाज किती आणि संगीत कसलं, हे दोन वेगळे विषय आहेत, त्यांची खिचडी करू नका. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. हे नियम बेस घातलेल्या हलगीला लागू आहेत, तसेच ब्रायन ईनोलाही. माझ्या घरासमोरनं मिरवणूक जाते तेव्हा सासूबाईंना आतल्या खोलीत नेऊन बसवावं लागतं. त्याचा राग मला आहेच. पण म्हणून त्या पोरांनी काय रचलंय ते ऐकायचंच नाही, असं कसं?

होटगीरोड_३०३:
पद्माक्का बरोबर बोलल्या. आणि एक सांगतो, आपल्यापैकी अर्ध्या लोकांपेक्षा या मिरवणूकवाल्या पोरांना बेस जास्त कळतो. ४०-५० हर्ट्झच्या आसपास ड्रमचा ठोका आणि बेसची ओळ एकमेकांवर चढल्या की नुसता चिखल होतो. तो चिखल मोठ्या स्पीकरवर लगेच उघडा पडतो, म्हणून ही पोरं तिथं जागा करायला शिकतात. आपण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो. त्यातनं एवढा खालचा आवाज बाहेरच येत नाही, मग आपल्याला काय कळणार!

बेसकिंग, तू ये बे. फक्त माझ्या कानांसाठी जरा हळू.

बेसकिंग_बे:
येतो की. हेडफोन लावून ऐका मग.

सातरस्ता_सिंथ:
ठरलं. मिरवणुकीच्या ढंगाचं चालेल, स्वतः केलेलं असेल तर दुसऱ्या फेरीत. कोणाच्या गाण्यावर केलेलं रीमिक्स मात्र दुसऱ्या फेरीत नको, हक्कांची कटकट नको आहे मला. आता आवाज कुठला घ्यायचा ते सांगा.

रेल्वेलाइन्स:
मी रेल्वे लाइन्समध्येच वाढलो, त्यामुळे माझं मत आगगाडीला. यात घराणंही आहे. १९४८ मध्ये पिएर शेफर या फ्रेंच माणसानं पॅरिसच्या एका स्टेशनवर इंजिनं, शिट्ट्या, डबे यांचे आवाज घेतले आणि ते कापून, फिरवून एक रचना केली. वाद्य एकही नाही. आज आपण ज्याला सॅम्पलिंग म्हणतो त्याची मुळं तिथं आहेत. पुढं १९७७ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या बँडनं 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' केलं, त्यांनी गाडीचा ठेका यंत्रावरच घडवला. आपल्याकडं हुतात्मा एक्सप्रेस आहे, सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे. पहाटे फलाटावर उभं राहिलं की साहित्य तयार.

पुण्यातला_सोलापुरी:
हुतात्मानं मी इतक्यांदा गेलोय की तिची एन्ट्री मी मनातच करून ठेवली आहे. अडचण एकच. आता रूळ लांबच लांब जोडलेले, त्यामुळे तो जुना खडक-खडक ठेका बराचसा गेला. नुसती सूंऽ सूंऽ उरली आहे. ठेका हवा असेल तर गाडी जमणार नाही. संथ, लांबलेलं काही करायचं असेल तर उत्तम.

शेंगाचटणी:
सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतलं घ्या. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत 'हर्र बोला हर्र'चा जो गजर होतो ना, अंगावर काटा येतो. तो कापून लूपमध्ये टाकला तर!

जुनीमिल_काका:
नाही. तो गजर आहे, सॅम्पल नाही. अक्षता सोहळ्याला मी दरवर्षी उभा असतो. कोणी ते तुकडे करून त्याखाली ठोक्याचं यंत्र लावणार असेल तर मी या स्पर्धेत नाही.

शेंगाचटणी:
काका रागावू नका, सहज सुचलं.

पद्मा_अशोकचौक:
काकांशी सहमत. भांडण नको म्हणून नव्हे, मलाही ते बरं वाटणार नाही. मी दुसरं सुचवते. माग.

आमच्याकडं दोन पिढ्या हेच आहे. घरात तेलुगू, बाजारात मराठी आणि कारखान्यात लूमचा आवाज, अशी आमची भाषा. अशोक चौकातनं आत वळलं की गल्लीगल्लीतनं तो ऐकू येतो. तुम्ही जाता-येता ऐकलाच असेल, पण कधी मोजलाय का? आमच्या मागात धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, मिनिटाला साधारण १२० ते १३० वेळा जातो. होटगीरोडवाले सांगतील, हाउस म्युझिकचा ठेकाही त्याच पट्ट्यात येतो.

पण खरी मजा पुढं आहे. चादरीचा माग आणि टॉवेलचा माग एकसारखा वाजत नाही. टॉवेलला जे फास असतात, ज्यांच्यामुळं तो पाणी पितो, ते काढायला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन रूळ लागतात, एक घट्ट आणि एक सैल. धोटा एकदा जातो, धागा ठोकणारी फणी अलीकडंच थांबते. दुसऱ्यांदा जातो, फणी पुन्हा अलीकडंच. तिसऱ्यांदा गेला की फणी तिन्ही धागे मिळून कापडाला नेऊन ठोकते, आणि सैल ताण्याचे फास वर उठतात. म्हणजे दोन हलके, एक जड. दोन हलके, एक जड. दिवसभर.

होटगीरोड_३०३:
काय सांगलालाव अक्का! म्हणजे टॉवेल तीनात आहे आणि चादर सरळ?

पद्मा_अशोकचौक:
साधी वीण सरळ. चादरीत वर जकार्ड, म्हणजे नक्षीचे धागे उचलणारं यंत्र, असतो, त्याचा आवाज आणखी वेगळा, खडखड वरनं येते. जकार्डच्या पुठ्ठ्याच्या पत्त्याला जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते आणि तो धागा उचलला जातो. भोक नाही तिथं धागा खाली राहतो. पत्त्यामागून पत्ता फिरत राहतो आणि चादरीवर मोर उमटतो.

रेल्वेलाइन्स:
हा तर सरळ स्टेप सिक्वेन्सर झाला. सोळा चौकोन, जिथं दिवा तिथं ठोका. जकार साहेबांनी हे १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये केलं आणि आपण टीआर-८०८ ला आधुनिक म्हणतोय.

जुनीमिल_काका:
तबल्याच्या भाषेत सांगायचं तर खाली आठ मात्रांचा केरवा धरा आणि वर मागाचा तीनाचा फेरा चालू द्या. चोवीस ठोक्यांनी दोघं परत एकत्र येतात. मी तर म्हणतो तिथंच सम माना. मला आता या फेरीत भाग घ्यावासा वाटतो आहे, कोणी संगणकावर बसवून देणार असेल तर.

बेसकिंग_बे:
काका मी येतो घरी. एलएमएमएस टाकून देतो तुमच्या लॅपटॉपवर, फुकट हाय. नाहीतर मोबाइलवर बँडलॅब.

पद्मा_अशोकचौक:
एक गोष्ट आधीच सांगते, मग कोणी 'लयबद्ध सोलापूर' वगैरे लिहायला नको. माझ्या वडिलांना आता डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्या कानाला मोठ्यानं बोलावं लागतं. लूमशेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वरच असतो आणि आठ-आठ, बारा-बारा तास. कानात कापूस हेच संरक्षण. घरात टीव्ही इतका मोठा लागायचा की शेजारचे येऊन विचारायचे. आम्हाला तो आवाज ठेका म्हणून आवडला नाही कधी, तो बंद पडला की पोटात गोळा यायचा म्हणून आवडायचा. आवाज मी देते, आनंदानं देते. पण तो कुठनं आलाय ते रचनेबरोबर दोन ओळींत लिहायचं.

सातरस्ता_सिंथ:
लिहायचं. हा नियम झाला.

होटगीरोड_३०३:
अक्का, रेकॉर्ड करताना एवढं बघा. मोबाइल मागाजवळ धरू नका, आवाज फाटेल, आणि फोन आपल्या मनानं पातळी खाली-वर करत बसेल, त्यामुळं जड ठोका आणि हलका ठोका सारखेच ऐकू येतील. मग तीनातली मजाच गेली. दारात उभ्या राहा, किंवा शेजारच्या खोलीतनं घ्या. फोनवर रुमाल टाकला तरी बराच फरक पडतो. शक्य झालं तर एकच माग चालू असताना घ्या. सगळी शेड चालू असेल तर ठोके एकमेकांत मिसळून पावसासारखं ऐकू येतं. तेही हवंय, पण वेगळ्या फाइलीत. आणि व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज नको, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पद्मा_अशोकचौक:
एकच चालू ठेवायचा म्हणजे रविवार बघावा लागेल. भावाला सांगते.

सातरस्ता_सिंथ:
आता गुणांचं. युरोपात देशादेशांची गाण्यांची मोठी स्पर्धा असते, युरोव्हिजन. तिथं १९७५ पासून १२, १०, ८, ७ अशी उतरंड चालते आणि आपल्याच देशाला गुण देता येत नाहीत. आपण तेच छोटं करू. आवडत्या पाचांना १२, १०, ८, ७, ६. स्वतःच्या एन्ट्रीला शून्य.

आणि एक अट, यावर मी ठाम आहे. गुणांसोबत प्रत्येक रचनेबद्दल किमान दोन वाक्यं लिहायची, आणि त्यात कुठल्या मिनिटाला काय घडलं ते यायला हवं. '२.४० ला ठेका अचानक जातो आणि नुसती तार उरते' असं काही. पाचांना गुण दिले तरी वाक्यं सगळ्यांबद्दल. ज्यानं हे लिहिलं नाही त्याचे गुण धरणार नाही.

शेंगाचटणी:
म्हणजे सगळं ऐकावं लागणार?

सातरस्ता_सिंथ:
त्यासाठीच तर चाललंय हे सगळं.

होटगीरोड_३०३:
दुसऱ्या फेरीला माझी पुस्ती. सगळ्या फाइलींची पातळी एक करून मगच ऐकवा. दोन रचनांतली एक जराशी मोठी असेल तरी कान तिलाच चांगली म्हणतो, हा माणसाचा स्वभाव आहे. ऑडॅसिटीत 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' नावाचा पर्याय आहे, सगळ्यांना उणे १४ एलयूएफएस वर आणा, हे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप. मग कोणी कितीही दाबून मोठं केलेलं असो, इथं सगळे सारखे. उलट ज्यानं फार दाबलंय त्याचं चपटं ऐकू येईल.

बेसकिंग_बे:
हे माझ्यासाठीच होतं ना बे?

होटगीरोड_३०३:
सगळ्यांसाठी होतं. तुझ्यासाठी जरा जास्त.

सातरस्ता_सिंथ:
पहिल्या फेरीची यादी लावली आहे. अकरा रचना. आठवडाभर धाग्यावर शांतता पाळा, कोणती कोणाची याचे अंदाज नकोत.

(आठवड्यानं)

सातरस्ता_सिंथ:
निकाल. गुणांपेक्षा टिपणं वाचताना मला जास्त मजा आली, ती सगळी एकत्र करून खाली जोडली आहेत.

पहिली आली अहमदाबादच्या एनआयडीतली, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेतली रचना, जिनराज जोशीपुरा यांची. बऱ्याच जणांनी लिहिलंय की हे भारतातलं आहे हे कळल्यावर त्यांनी परत ऐकलं. १९६९ मध्ये एनआयडीत मूग या अमेरिकन कंपनीचा सिंथेसायझर आला, डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं तो बसवून दिला. पुढची तीनेक वर्षं तिथले लोक त्यावर प्रयोग करत होते, गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर. मग टेपा कपाटात पडून राहिल्या. पॉल परगस या लंडनच्या कलाकारानं त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. म्हणजे हे काम चरणजित सिंगांच्या आधी दहा ते तेरा वर्षांचं. ही एन्ट्री होती जुनीमिल_काकांची!

दुसरं 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस', ते कोणाचं हे सांगायलाच नको. तिसरं आफ्रिका बंबाटा या अमेरिकन हिप-हॉपवाल्याचं 'प्लॅनेट रॉक', १९८२. होटगीरोडनं टिपणात बरोबर पकडलंय की त्यातली धून थेट 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'मधूनच आली आहे आणि खाली टीआर-८०८ चा ठोका आहे. पुण्यातला_सोलापुरी यांनी याला १२ गुण दिले आणि 'खालचा आवाज किती मोकळा आहे, कुठंही कोंबलेला नाही' असं लिहिलं. ही एन्ट्री बेसकिंगची.

पुण्यातला_सोलापुरी:
ठोका उत्तमच आहे, गुण परत घेत नाही. खिडकीच्या काचांबद्दलचं मतही परत घेत नाही.

बेसकिंग_बे:
चालतंय 😄 गणपतीत या, काचांना रबर लावून देतो.

जुनीमिल_काका:
'ऑक्सिजीन' बाद केलंत ते बरंच झालं. ते मला पाठ होतं. दुसरं काय द्यावं म्हणून शोधत बसलो तेव्हा नातीनं हे ऐकवलं. गीता साराभाईंचं नाव मला वेगळ्या संदर्भात माहीत होतं. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला त्यांनी न्यूयॉर्कमध्ये आपलं संगीत शिकवलं होतं, १९४६ च्या सुमारास. त्यांचाच हात या यंत्रावरही फिरला असेल असं वाटलं नव्हतं.

मला एक खटकलं ते सांगतो. शेवटून पहिल्या आलेल्या संथ रचनेवर तिघांनी 'काहीच घडत नाही' एवढंच लिहिलंय. चार मिनिटं बारा सेकंदांना खालचा षड्ज निघून जातो आणि नुसता पंचम उरतो. तेवढंच घडतं, पण घडतं. ती रचना कोणाची होती?

पुण्यातला_सोलापुरी:
माझी. धन्यवाद काका. एक तरी माणूस चार मिनिटांच्या पुढं गेला.

शेंगाचटणी:
मी पण गेलो होतो, पण झोपेत.

रेल्वेलाइन्स:
काका जिंकले म्हणजे पुढच्या वेळचा विषय काकांचा. बोला काका.

जुनीमिल_काका:
भोंगा. गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे ते अजून शहरात आहेत, पण त्याचं रेकॉर्डिंग मिळणं मुश्कील. तेव्हा तो आठवणीवरनं यंत्रावर घडवायचा. आधी जुन्या माणसांना विचारून यायचं, आवाज खालून वर कसा चढायचा, किती वेळ टिकायचा, उतरताना कसा उतरायचा. पण आधी माग होऊ द्या.

पद्मा_अशोकचौक:
फाइली आल्या आहेत. एक, टॉवेलचा माग एकटा. दोन, चादरीचा, जकार्डसकट. तीन, सगळी शेड, दारातनं घेतलेली. चार, माग सुरू करतानाचा आणि बंद करतानाचा. तिसरीत मध्येच भाऊ तेलुगूत ओरडतोय, 'धागा तुटला' एवढंच म्हणतोय, ते वापरलं तरी चालेल. वडिलांना हेडफोन लावून ऐकवलं. उजव्या कानाला. म्हणाले, दुसऱ्या फाइलीतल्या मागाचा पट्टा सैल झालाय, आधी तो बघा.

होटगीरोड_३०३:
बरोबर ओळखलं त्यांनी! मी ग्रिडवर टाकून बघितलं, वेग १२६ वरनं हळूहळू १२३ वर येतोय. कोणी हे ताणून सरळ करणार असेल तर करा, पण मी तसंच ठेवणार आहे. यंत्र दमतंय ते ऐकू आलं पाहिजे.

रेल्वेलाइन्स:
मी सरळ करणार. मला त्यावर दुसरे थर चढवायचे आहेत, वेग हलता राहिला तर सगळं विस्कटतं.

सातरस्ता_सिंथ:
दोन्ही चालेल. बाहेरचा आवाज मात्र एकही नको, जे काही असेल ते या चार फाइलींतनंच. उलटं करा, खाली उतरवा, ताणा, गाळा, तुमची मर्जी. बेससुद्धा मागाच्याच ठोक्यातनं काढायचा.

बेसकिंग_बे:
अक्का, टॉवेलवालं तीनाचं गणित मला सुटेना. माझा सगळा हात चारात बसलाय. दोन दिवस झाले, ड्रॉप, म्हणजे बेस जोरात सुरू व्हायची जागा, आला की ठोका पळून जातोय. प्रत्येक तिसऱ्यानंतर एक ठोका चिकटवून चार-चार केलं तर चालतंय का?

पद्मा_अशोकचौक:
चालतंय की. फक्त मग तो टॉवेल राहणार नाही बे, त्याची चादर होईल.

जुनीमिल_काका:
बाळा, चिकटवू नकोस. तू उद्या येणारच आहेस ना लॅपटॉप बघायला? तबला काढून ठेवतो.

सातरस्ता_सिंथ:
फाइली वेव्हमध्येच पाठवा, एमपी३ नको. वर दोन ओळी मागाबद्दल. पुढच्या रविवारी रात्री १० च्या आत. त्यानंतर आलेली फाइल लाउडस्पीकरच्या नियमात बसत नाही.